तयार घ्यावा की जोडावा

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात नाशिकमध्ये अंगावर काय घालावं हे ठरत नाही. सकाळी स्कूटर काढताना स्वेटर लागतो. दुपारी तोच स्वेटर लॅबच्या पार्किंगमध्ये डिकीत कोंबावा लागतो. संध्याकाळी गंगापूर रोडला वारा सुटला की तो पुन्हा काढावा का, हा विचार सिग्नलपर्यंत पुरतो. कडेला द्राक्षांच्या गाड्या लागलेल्या असतात. यंदाही लागल्यात. काल एका गाडीवाल्याने चव बघायला हातावर चार मणी ठेवले. ते तोंडात टाकले आणि दोन वर्षांपूर्वीचा हाच पंधरवडा जसाच्या तसा समोर आला. तेव्हा मी एकाच प्रश्नाभोवती फिरत होते: गेमिंग कम्प्युटर तयार घ्यावा, की सुटे भाग आणून स्वतः जोडावा.

प्रश्न ऐकायला किरकोळ आहे. छत्तीस वर्षांच्या बाईने त्यापायी झोप, जेवण आणि आईशी धड बोलणं सोडावं, इतका तर नक्कीच मोठा नाही. पण ते दिवसच तसे होते.

मी एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. बागेतून आलेल्या द्राक्षांत फवारणीच्या औषधांचा अंश किती उरलाय ते तपासायचं आणि रिपोर्ट द्यायचा. रिपोर्ट चांगला आला की तोडणी लागते आणि माल परदेशी जातो. त्यामुळे या दिवसांत आमच्या बाहेरच्या बाकावर कायम कोणीतरी वाट बघत असतं. त्या वर्षी वणीकडचे एक काका सलग तीन दिवस आले.

"मॅडम, रिपोर्ट कधी भेटंल? माणसं सांगून ठेवलीत."

"उद्या दुपारपर्यंत, काका."

"उद्या म्हंजी उद्याच ना?"

मग ते उठून दाराबाहेर जायचे, आभाळाकडे बघायचे, परत येऊन बसायचे. आभाळात ढगाचा तुकडाही नसायचा, तरी बघायचे. काचेच्या आतून मला त्यांचं ते उठणं-बसणं दिसायचं आणि वाटायचं, माझं तरी दुसरं काय चाललंय.

त्याच जानेवारीत कोर्टाचे कागद हातात आले होते. निखिल आणि मी पुण्यात नऊ वर्षं एकत्र राहिलो. आमचं मोठं भांडण असं कधी झालं नाही. आधी घरातलं बोलणं कमी झालं, मग कामापुरतं उरलं, आणि एक दिवस दोघांनाही कळलं की कामापुरतंच उरलंय. सामान वाटून घेताना फ्रिजबद्दल बोललो, कपाटाबद्दल बोललो, दोन कढयांपैकी कोणती कोणाची यावर चक्क हसलोही. कम्प्युटरचा विषय मात्र निघाला नाही. तो त्याने जोडला होता, म्हणजे तो त्याचा, हे दोघांनीही गृहीत धरलं.

त्यावर मी विमान उडवायचे. विमान उडवायचा खेळ असतो, त्यात सगळी पृथ्वी असते. कुठल्याही धावपट्टीवरून उठायचं आणि कुठेही जायचं. लोक त्यात न्यूयॉर्क बघतात, हिमालय बघतात. मी ओझरच्या विमानतळावरून उडायचे, गंगापूर धरणावरून वळण घ्यायचे आणि उत्तरेकडे निघायचे. खाली बागांचे चौकोन सरकत राहायचे. पुढे सप्तशृंगीचा कडा आला की त्याच्या उजव्या अंगाने कळवणकडे उतरायचं, कारण माझं आजोळ तिकडचं. पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये, शेजारच्या खोलीत निखिल ऑफिसच्या फोनवर बोलत असताना, मी अशी किती वेळा घरी येऊन गेले असेन ते आईलाही माहीत नव्हतं.

तो कम्प्युटर निखिलने तीनदा उघडून नव्याने जोडला. तिन्ही वेळा मी मोबाईलचा टॉर्च धरून उभी होते. "जरा डावीकडे. आता वर. हलवू नकोस." प्रोसेसर कसा ठेवायचा, पंख्याची वायर कुठे जाते, कुठल्या स्क्रूला कुठला वॉशर लागतो, हे सगळं मला बघून बघून पाठ झालं होतं. स्क्रूड्रायव्हर मात्र कधी हातात आला नाही. तो मी कधी मागितलाही नाही, हेही इथे लिहिलं पाहिजे.

तर नाशिकला आईकडे परतल्यावर, कागदांचं सगळं उरकल्यावर, मला पहिली गोष्ट हवीशी वाटली ती हीच. माझा कम्प्युटर. लॅबमधून सुटले आणि सरळ गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या दुकानात शिरले. काचेच्या पेटीत निळे-जांभळे दिवे फिरत होते, आतले पंखे एखाद्या मत्स्यालयातल्या माशांसारखे शांतपणे घुमत होते. काउंटरवरचे गृहस्थ पन्नाशीचे, अतिशय सभ्य होते.

"मुलासाठी बघताय का, मॅडम?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं ते आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक सोपं होतं म्हणून.

"कितवीत आहे?"

"सहावीत."

"मग हा घ्या. तीन वर्षांची वॉरंटी, आमचा माणूस घरी येऊन लावून देईल. तुम्हाला काही बघावं लागणार नाही."

तुम्हाला काही बघावं लागणार नाही, हे वाक्य मी घरी घेऊन आले. आधी ते फार बरं वाटलं. नऊ महिने मी सगळं बघतच होते: वकील, बँक, ट्रक, घरमालक. कोणीतरी पेटी आणून ठेवावी, बटण दाबावं, आणि मी उडावं. यापेक्षा आणखी काय हवं होतं? जेवताना आईला सांगितलं. तिला गेमबिम कळत नाही, पण मत तयार होतं.

"तयार घे. आणला, लावला, संपलं. स्वतः जोडत बसायला तू काय निखिल आहेस?"

तिच्या मनात काही नव्हतं. ती पोळीवर तूप लावत होती. पण माझा घास तिथेच थांबला, आणि त्या क्षणापासून तयार कम्प्युटर मला नकोसा झाला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये रद्दी रिपोर्टच्या मागच्या बाजूला सुट्या भागांची यादी केली. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड. जेवणाच्या सुट्टीत ती खोडली. चहाच्या वेळी पुन्हा केली. जोडताना काही मोडलं तर? प्रोसेसरच्या बैठकीत केसाएवढ्या पिना असतात, एक वाकली की बोर्ड गेला. घरी जाऊन व्हिडिओ बघितले. प्रत्येकात एक आत्मविश्वासाने बोलणारा पुरुष आणि त्याचे भराभर चालणारे हात. तीन व्हिडिओ बघितले की वाटायचं, जमेल. चौथा बघितला की वाटायचं, तयारच घ्यावा. सकाळी स्वेटर घालताना एक ठरायचं आणि काढताना दुसरं. पंखा एकवर ठेवला तर उकडायचं, दोनवर ठेवला तर गार वाटायचं. आई वैतागून म्हणाली, "तू आधी त्या रेग्युलेटरचं काहीतरी ठरव."

एक यादी घेऊन मी नसीमआपांकडे गेले. मेन रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं सुट्या भागांचं दुकान आहे. आपा मूळच्या मालेगावच्या, माहेरी यंत्रमाग होते. नवरा गेल्यावर दुकान त्यांनी चालवायला घेतलं. मी मनातल्या मनात अशी कल्पना केली होती की बाई आहेत, समजून घेतील, धीर देतील. आपांनी चष्मा वर करून यादी पाहिली आणि विचारलं, "घ्यायचंय का नुसतं बघायचंय? बघायचं असेल तर शुक्रवार सोडून या, आज गर्दी हाय."

"ठरत नाहीये," मी म्हटलं. "जोडताना बिघडलं तर?"

"बिघडलं तर बिघडलं. मशीन हाय, मॅडम. माझ्या अब्बांचे माग रोज बिघडायचे. रोज लावायचे." एवढं बोलून त्या मागच्या गिऱ्हाइकाला कीबोर्ड दाखवायला वळल्या.

मी बाहेर आले ती पुन्हा गंगापूर रोडच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी मला लगेच ओळखलं. "या मॅडम. चिरंजीवांना नाही आणलंत? त्याला एकदा हात लावून बघू दे, पोरांची आवड वेगळी असते." आणि त्यांनी खरंच एक खुर्ची ओढून ठेवली, त्या नसलेल्या सहावीतल्या मुलासाठी, थोडी उंच करून. त्या खुर्चीकडे बघून माझा चेहरा तापला.

"मुलगा नाहीये मला," मी म्हटलं. "मलाच हवाय. त्या दिवशी मी खोटं बोलले."

ते गोंधळले. सॉरी म्हणाले. मीही सॉरी म्हटलं. मग ते थोडा वेळ काउंटरवरची पत्रकं सारखी करत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही काय खेळता?"

मी विमानाचं सांगितलं. ते म्हणाले, "मग तो दिव्यांचा राहू द्या. त्यात दिखावा जास्त आहे. तुमच्यासाठी हा साधा काळा बघा, ताकद यात आहे." काळी पेटी खरंच चांगली होती. भागही चांगले, किंमतही रास्त. म्हणजे आता तयार घ्यायलाही काही हरकत उरली नव्हती, आणि माझी तगमग आणखी वाढली. वाईट पर्याय असला की माणूस सुटतो. दोन्ही चांगले असले की स्कूटरवर बसून नुसत्या चकरा होतात. मी त्या संध्याकाळी कॉलेज रोडला दोन चकरा मारल्या, काही काम नसताना.

आणि मग मी जे करायचं नाही असं ठरवलं होतं ते केलं. यादीचा फोटो काढून निखिलला पाठवला. लिहिलं, "हे एकमेकांना जुळतील का?"

दहा मिनिटांत उत्तर आलं. अख्खी यादी नीट करून, कशाऐवजी काय आणि का, ओळीने. पुढे त्याचा फोनच आला. चार महिन्यांनी आवाज ऐकला.

"कशाला त्रास घेतेस? मी येतो रविवारी. दोन तासांचं काम आहे."

"पुण्याहून दोन तासांच्या कामाला येणार?"

"मला आवडेल," तो म्हणाला. "काकूंनाही भेटेन."

मी हो म्हटलं. हे खरं आहे, मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर मला इतकं हलकं वाटलं की स्वयंपाकघरात जाऊन आईला पिठलं करू का म्हणून विचारलं. आईला कारण कळलं तशी ती हळूच म्हणाली, "येऊ दे की. जेवायला थांबव. त्याला पुरणपोळी आवडते." तिने डबे खालीवर करून डाळ बघितली. पुढचे तीन दिवस घरात काहीतरी होणार असल्यासारखं होतं. तिने पडदे धुतले. माझ्याही मनात काय काय येत होतं. नऊ वर्षं थोडी नसतात. तो हसला की डोळ्यांच्या कडांना जे होतं ते मला आठवत होतं. लॅबमध्ये एकाच नमुन्यावर दोनदा नंबर टाकला, पुन्हा सगळं तपासावं लागलं.

शुक्रवारी संध्याकाळी त्याने विचारलं, "पार्ट्स आणलेस का? स्क्रूड्रायव्हर मी आणतो, तुझ्याकडचे चालणार नाहीत. तू फक्त टॉर्च धर."

तो चेष्टेने म्हणाला. आवाजात माया होती. मी बाल्कनीत उभी होते, खाली कोणीतरी गाडी धूत होतं, साबणाचं पाणी उताराने रस्त्याकडे चाललं होतं. मला राग आला नाही. फक्त पुढची सगळी वर्षं एकदम दिसली. एक हात वर, मनगट अवघडलेलं, उजेड पडतोय तो दुसऱ्याच्या हातांवर.

"निखिल, नको येऊस," मी म्हटलं.

गाडी धुणाऱ्याने बादली उपडी केली.

"मी काही चुकीचं बोललो का?"

"नाही. मला एकटीला करून बघायचंय."

"बिघडलं तर?"

"बिघडलं तर लावेन."

"ठीक आहे," तो म्हणाला. आणि ठेवता ठेवता म्हणाला, "प्रोसेसरला दाब देऊ नकोस. नुसता ठेवायचा. आपोआप बसतो."

हा त्याचा स्वभाव. त्यामुळेच ते सगळं इतकं अवघड होतं. आईला सांगितलं तेव्हा तिने रविवारसाठी काढून ठेवलेली डाळ परत डब्यात ओतली. डब्याचं झाकण दोनदा लावलं.

शनिवारी नसीमआपांकडून भाग आणले. निखिलच्या यादीतल्या दोन गोष्टी मी बदलल्या होत्या, कारण त्याने ती अजूनही आम्ही दोघं खेळायचो त्या मारामारीच्या खेळांसाठी केली होती. आपांनी यादी वाचून विचारलं, "कोणी बनवली?"

"मी."

"पावर सप्लाय वरचा घ्या. बाकी बरी हाय." आणि खोकी पिशवीत भरताना पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "रिकाम्या हाताने लोखंडाला शिवून मग हात लावा. करंट असतो अंगात."

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर उन्हाचा पट्टा पडला होता. खोकी उघडली. आई समोर ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन बसली, सोलाणे काढत. दाणे ताटलीत टपटप पडत होते. ती माझ्याकडे बघत नाही असं दाखवत होती.

प्रोसेसर दोन बोटांत धरला, बैठकीवर नेला आणि तिथेच अडले. मी तो परत खोक्यात ठेवला. हातांकडे बघितलं. हेच हात रोज द्राक्षाच्या रसाचे इतके सूक्ष्म थेंब मोजतात की डोळ्यांना दिसतही नाहीत, आणि चुकत नाहीत. मी उठून हात धुतले, लॅबमध्ये धुते तसे, कोपरापर्यंत. पुसले. खिडकीच्या गजाला शिवले. परत आले तेव्हा बोटं माझी झाली होती. प्रोसेसर ठेवला, तो बसला. वरची कडी लावताना असा कर्कश आवाज झाला की आई ताटली सोडून उठली.

"मोडलं का?"

"नाही. असाच आवाज येतो. पाठ आहे मला."

दोन तास गेले. वायरी जागच्या जागी गेल्या. ऊन टेबलावरून खाली सरकलं, स्वेटर खुर्चीवर गेला. बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. पुन्हा दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा.

पंधरा मिनिटं मी नुसती तारा हलवत होते, काही अर्थ नसताना. फोन बाजूलाच होता. आई म्हणाली, "विचार त्याला. त्यात काय कमीपणा?" कमीपणा नव्हताच. मी फोन उचललाही. नंबर समोर होता. मग फोन उपडा ठेवून दिला आणि स्वतःला विचारलं की लॅबमध्ये रीडिंग चुकलं तर मी काय करते. तिथे मी घाबरत नाही. एकेक गोष्ट काढते, एकेक तपासते, एका वेळी एकच बदल करते. तसंच केलं. ग्राफिक्स कार्ड काढून पुन्हा लावलं, काळाच. एक रॅम काढली, काळाच. दुसरी काढायला गेले तर ती अलगद हातात आली. एका टोकाला ती बसलीच नव्हती. दाब देऊ नकोस हे मी इतकं मनावर घेतलं होतं की सगळ्याच गोष्टी नुसत्या ठेवल्या होत्या. रॅमला मात्र दाब लागतो, चांगला लागतो. अंगठ्याखाली बोर्ड किंचित वाकतो आणि काळजाचा ठोका चुकतो, तेवढा. दोन्ही अंगठे ठेवले आणि दाबलं. कट्ट. दुसरीकडूनही कट्ट.

तो कम्प्युटर आज माझ्या खोलीत आहे. मधल्या काळात दोनदा बिघडला, दोनदा उघडला. आईला मी ओझरहून कळवणला नेऊन आणलंय; तिला फार काही आवडलं नाही, म्हणाली, सगळं चपटं दिसतंय. निखिलने मागच्या वर्षी दुसरं लग्न केलं, त्याने स्वतः फोन करून सांगितलं. माझी तगमग गेली असं मी म्हणणार नाही. परवाच खुर्ची घ्यायची की सतरंजीवर भागवायचं यावर मी आठवडा घालवला. फेब्रुवारी आला की अजूनही पंख्याच्या एक आणि दोनच्या मधला आकडा मी शोधत असते. पण त्या रविवारचं म्हणाल तर, दुपारी दीडच्या सुमाराला पडदा उजळला, ओळी पळाल्या, पेनड्राइव्हवरचं विंडोज चढलं, निळा रंग आला, आणि हा कम्प्युटर कोण वापरणार आहे असं विचारून खाली एक रिकामी चौकट उघडली.

मी त्या चौकटीकडे बघत बसले. लॅबच्या रिपोर्टवर अजून निखिलचं आडनाव छापून येत होतं. बँकेत बाबांचं परत लावलं होतं. आधार कार्डाचा अर्ज टेबलाच्या खणात तसाच होता. चौकटीतली उभी रेघ लुकलुकत होती.

आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "झालं का? पानं घेऊ?"

"नाव विचारतंय," मी म्हटलं.

"मग सांग की," आई म्हणाली, आणि फोडणीत सोलाणे टाकल्याचा आवाज आला.

मी टाइप केलं, मेधा. आणि पुढे काही न लिहिता एंटर दाबलं.